कीर्तिमंदिराच्या आधीं वही

(कऱ्हाडच्या बाजूच्या एका खेड्यांत तालमीच्या वार्षिक सभेंत एका मराठी शाळेच्या शिक्षकानें केलेलें भाषण.)



आजच्या सभेपुढें एक सूचना आहे. आपल्या भागांत जे नामांकित खेळाडू होऊन गेले व जे आज आहेत त्यांच्या नांवाचें एक कीर्तिमंदिर बांधावें, त्यांत त्यांच्या तसबिरी लावाव्या, पदकें कांचेच्या कपाटांत ठेवावीं आणि त्यासाठीं घरटी वर्गणी काढावी, अशी ती सूचना आहे. सूचना आणणाऱ्या मंडळींचा हेतु निर्मळ आहे यांत आम्हांस शंका नाहीं. तेव्हां आम्ही विरोध करावयास उभे राहिलों नाहीं. परंतु दगडविटांचा हिशेब करण्यापूर्वीं दोन प्रश्नांचा हिशेब व्हावा, एवढ्यासाठींच आपला थोडा वेळ मागतों. पहिला प्रश्न असा कीं, या मंदिरांत कोण जाणार हें ठरविणार कोण? आणि दुसरा असा कीं, तें ठरविणार केव्हां? माणूस हयात असतांना, कीं त्याचें तेरावें उरकल्यावर?

आपल्याकडे मंदिर म्हटलें कीं पाठोपाठ पुजारी येतो. पुजाऱ्यामागून कुलूप येतें, आणि कुलपामागून 'तूं बाहेर थांब' हा हुकूम येतो. देवाच्या बाबतींत हें आपल्या वाडवडिलांनीं भोगलें. खेळाच्या बाबतींतहि भोगलें. पालवणकर बाळू हें नांव आपल्यापैकीं किती जणांनीं ऐकलें आहे? चांभाराच्या घरीं जन्मलेला हा मुलगा पुण्यास गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर महिना चार रुपड्यांवर राबत असे. साहेब बॅट घेऊन उभा राही आणि हा तासन्‌तास त्याला चेंडू टाकी. टाकतां टाकतां असा गोलंदाज झाला कीं, गोऱ्यांना हरवायचें तर बाळूला घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं, हें हिंदूंच्या संघाला पत्करावें लागलें. मैदानावर चेंडू सर्वांचा एक. पण चहाची वेळ झाली कीं बाळूचा चहा बाहेर, निराळ्या भांड्यांत! १९११ सालीं हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला तेव्हां याच बाळूनें ११४ बळी घेतले. एवढें करूनहि हिंदूंच्या संघाचें कप्तानपद त्याला मिळालें नाहीं. तें पुढें १९२३ सालीं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलाला, मिळालें. आतां विचार करा, त्या काळीं पुण्यास कोणी क्रिकेटचें कीर्तिमंदिर बांधलें असतें, तर बाळूची तसबीर आंत लागली असती, कीं चहाच्या भांड्यासारखी ओसरीवर?

ही कल्पनेची भरारी नव्हे. असें प्रत्यक्ष घडत आलेलें आहे. खेळाडूंचीं कीर्तिमंदिरें बांधण्याची चाल अमेरिकेंत फार. अमेरिकेचें नांव आपणांस परकें नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक तेथील गुलामांना मोकळें करण्यासाठीं झटलेल्या लोकांनाच अर्पण केलें होतें. त्या देशांत बेसबॉल नांवाचा खेळ आहे. आपल्याकडे क्रिकेटचें जसें वेड, तसें तेथें बेसबॉलचें. न्यूयॉर्क संस्थानांत कूपर्सटाऊन नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें या खेळाचें कीर्तिमंदिर आहे. १९३६ सालीं पहिले पांच खेळाडू निवडले आणि १९३९ सालीं इमारत उघडली. एवढ्या मोठ्या देशांत हेंच गांव कां? तर १८३९ सालीं डबलडे नांवाच्या गृहस्थानें तेथें हा खेळ प्रथम काढला अशी एक गोष्ट प्रसिद्ध होती. पुढें अभ्यासकांनीं दप्तरें तपासलीं, तों त्या सालीं हे गृहस्थ लष्करी विद्यालयांत शिकत होते आणि बेसबॉलशीं त्यांचा कांहींएक संबंध नव्हता! म्हणजे भिंती पक्क्या, पण पाया दंतकथेचा. वहीआधीं मंदिर बांधलें कीं असें होतें.

त्याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. गुलामगिरी कायद्यानें गेली तरी त्या देशांतला पंक्तिभेद गेला नव्हता. काळ्या लोकांना गोऱ्यांच्या मोठ्या संघांत खेळूं देत नसत. त्यांचे संघ निराळे, त्यांचे सामने निराळे. १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूनें ती भिंत ओलांडली. १९६२ सालीं तो कीर्तिमंदिरांतहि गेला. परंतु त्याच्या आधीं जे आयुष्यभर निराळ्या संघांत खेळून म्हातारे झाले त्यांचें काय? १९७१ सालीं त्यांच्यापैकीं सॅचेल पेज या थोर गोलंदाजाला घेण्याचें ठरलें, तेव्हां चालकांनीं काय तोड काढावी? काळ्या संघांतल्या खेळाडूंसाठीं निराळा विभाग! बाळूचा चहाच तो. त्यावर लोकांनीं गवगवा केला, वर्तमानपत्रांनीं टीका केली, तेव्हां चालकांना माघार घ्यावी लागली आणि पेजला सर्वांच्या रांगेंत बसविण्यांत आलें. जॉश गिब्सन म्हणून त्याच तोडीचा दुसरा एक खेळाडू. त्याचें नांव १९७२ सालीं भिंतीवर लागलें. पण तो तर १९४७ सालींच, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, वारला होता. त्याला त्याचें काय?

येथें आपला दुसरा प्रश्न येतो. सन्मान केव्हां? याचें उत्तर शोधावयास समुद्रापार जावयास नको. आपल्या शेजारच्या गोळेश्वरापर्यंत चालत गेलें तरी पुरें.

खाशाबा दादासाहेब जाधव १५ जानेवारी १९२६ रोजीं तेथें जन्मले. शाळा कऱ्हाडास, कॉलेज कोल्हापुरास. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनें ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. लाल मातींत घोळलेलें अंग तेथें मॅटवर उतरलें. मॅटची संवय नाहीं, नियम नवे. तरी सहावा क्रमांक मिळविला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हां पैशाचें घोडें पुन्हा अडलें. लोकांनीं वर्गणी गोळा केली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. बंधूंनो, मास्तर लोकांना पगार किती असतो हें आपण जाणतां. विद्यार्थ्यासाठीं घर गहाण टाकणारा हा गुरु कोणत्या कीर्तिमंदिरांत बसवावयाचा, याचाहि आपण विचार करावा.

खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र हिंदुस्थानाला एकट्यादुकट्याच्या खेळांत मिळालेलें ऑलिंपिकचें तें पहिलें पदक. दुसरें मिळायला १९९६ साल उजाडलें, म्हणजे ४४ वर्षें गेलीं. ते परत आले तेव्हां शंभरांवर बैलगाड्या जुंपून लोकांनीं त्यांची मिरवणूक काढली. लोकांनीं आपलें काम केलें. पुढें सरकारनें काय केलें तें ऐका. १९५५ सालीं खाशाबा पोलिसांत फौजदार झाले आणि निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. १९६१ सालीं देशांत अर्जुन पुरस्कार सुरू झाला. त्यानंतर खाशाबा २३ वर्षें जिवंत होते. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडमध्यें त्यांच्या हातीं मशाल देण्यांत आली, एवढें खरें. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत त्यांचा अंत झाला. राज्याचा छत्रपति पुरस्कार त्यांना १९९२-९३ चा मिळाला आणि अर्जुन पुरस्कार २००० सालचा. म्हणजे पदकानंतर ४८ वर्षांनीं आणि मरणानंतर १६ वर्षांनीं! पुरस्कार घ्यायला हात उरला नव्हता, तसबीर उरली होती. पुढें त्यांच्या नांवें कुस्तीची अकादमी काढण्याचीं आश्वासनें झालीं. तीं पुरीं होईनात म्हणून २०१७ सालीं घरच्या माणसांना तें पदकच लिलावांत काढण्याची भाषा बोलावी लागली. आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन म्हणून पाळतात. ही गोष्ट चांगलीच आहे. पण जिवंतपणीं पाणी नाहीं आणि मेल्यावर दूधभात, ही आपली जुनी खोड यांत दिसते, हेंहि सांगितलें पाहिजे.

कोणी म्हणतील, तो काळ गेला. कांहीं अंशीं गेला हें आम्हांस मान्य आहे. राधानगरी तालुक्यांतल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसला नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. खाशाबांनंतर ७२ वर्षांनीं मराठी माणसाला वैयक्तिक खेळांत मिळालेलें हें ऑलिंपिक पदक. त्याला अर्जुन पुरस्कार सहा महिन्यांच्या आंत मिळाला. ४८ वर्षांचे सहा महिने झाले याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. परंतु ही घाई पदकवाल्याच्या वांट्याला आली. बाकीच्यांचें काय?

त्याच १९५२ सालीं, त्याच हेलसिंकीला, केशव माणगांवे या मराठी मल्लानें आपल्या वजनाच्या गटांत चौथा क्रमांक मिळविला. पदक एका पायरीनें हुकलें. त्यांचें नांव या सभेंत किती जणांना ठाऊक आहे, हें आम्ही विचारीत नाहीं. आपणच मनाशीं विचारा. सांगली जिल्ह्यांतल्या पेठ-इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या लढाईंत गोळ्या लागून पंगु झाले. १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्गला झालेल्या अपंगांच्या ऑलिंपिकांत ५० मीटर पोहण्यांत त्यांनीं ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक घेतलें. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ सालीं! आपल्याच जिल्ह्यांतल्या माण तालुक्यांतली, मोहीची ललिता बाबर २०१६ सालीं ऑलिंपिकांत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनीं हिंदुस्थानची बाई धांवण्याच्या अंतिम फेरींत उतरली होती. माण म्हणजे प्यायच्या पाण्याची ओरड असलेला मुलूख. तेथून निघून जगांत दहावें येणें हें कोणत्या पदकाहून कमी आहे? पण कांचेच्या कपाटांत दहाव्या क्रमांकाला ठेवायचें काय? पदकच नाहीं!

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, मंदिराच्या आधीं वही हवी. आम्ही पडलों मराठी शाळेचे मास्तर. आम्हांस इमारतींतलें कळत नाहीं, रजिस्टरांतलें कळतें. शाळेंत जनरल रजिस्टर नांवाचें एक जाडजूड पुस्तक असतें. गांवांतलें श्रीमंताचें पोर आणि मोलमजुराचें पोर त्यांत एकाखालीं एक येतें. निराळी वही नाहीं, निराळें पान नाहीं. जो आधीं आला त्याचा नंबर आधीं. आम्हांस वाटतें, या देशांतलें सर्वांत खरें समतेचें पुस्तक तेंच. त्या रजिस्टरांत शेवटीं शेवटीं एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचें कारण'. बाकीचे रकाने वाचून मुलाची माहिती कळते. हा रकाना वाचला म्हणजे गांवाची कळते.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरीं आम्ही गेलों होतों. ती खोखोंत जिल्ह्यापर्यंत खेळली होती. तिची सर्टिफिकिटें पाहावीं म्हणून विचारलें, तेव्हां तिनें पत्र्याच्या पेटींतून एक पुडकें काढलें. वाळवीनें त्याचा भुगा केला होता. नांव गेलें होतें, साल गेलें होतें, फक्त कोपऱ्यावरचा शिक्का शिल्लक होता. ती हंसून म्हणाली, "गुरुजी, आतां मी खेळलें होतें हें तुम्हांलाच ठाऊक." आम्हीं शाळेंत येऊन रजिस्टर काढलें. तिच्या नांवापुढें खेळाबद्दल एक अक्षर नव्हतें, कारण तसा रकानाच नाहीं. शेवटच्या रकान्यांत मात्र एक शब्द होता, 'लग्न'.

अशीं सर्टिफिकिटें गांवोगांव पेट्यांतून पडलीं आहेत. अशा चांदीच्या गदा आडवर्षीं सोनाराकडे गेल्या आहेत. ज्यांनीं खासबागेंत कुस्त्या मारल्या अशीं म्हातारीं माणसें आज ओट्यावर बसून आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा इतिहास जाणार आहे. शाहू महाराजांनीं रोमचें जुनें मैदान पाहून कोल्हापुरास १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें केलें. तेथें तसबिरी लावल्या नाहींत. शड्डू ठोकायला माती दिली आणि बघायला बसणाऱ्या रयतेला जागा दिली. ज्याला मान द्यायचा त्याला आधीं साधन द्यावें, हा त्यांतला धडा आहे.

तर ही वही कशी असावी? तालमीची, शाळेची आणि ग्रामपंचायतीची मिळून एक. त्यांत रकाने असे: खेळाडूचें नांव, आईचें नांव, जन्मतारीख, खेळ, शिकविणारा, खर्च करणारा, कोठें व कोणत्या सालीं खेळला किंवा खेळली, निकाल काय, पुरावा काय, आणि शेवटीं 'खेळ सोडल्याचें कारण'. पुराव्याचा रकाना अशासाठीं कीं कूपर्सटाऊनसारखी दंतकथा आपल्या भिंतीवर जाऊं नये. आपल्या गांवांत दंतकथांना तोटा नाहीं! खर्च करणाराचा रकाना अशासाठीं कीं खर्डेकरांसारख्यांचें ऋण विसरूं नये. आणि जिनें पोराच्या खुराकासाठीं म्हैस राखली व स्वतः ताकावर दिवस काढले त्या आईचेंहि नांव लागावें. शेवटच्या रकान्याबद्दल तर आमचा हट्ट आहे. दहा वर्षें तो भरला आणि त्यांत दहा ठिकाणीं 'लग्न', पंधरा ठिकाणीं 'पैसा नाहीं', वीस ठिकाणीं 'मॅट नाहीं' असें निघालें, म्हणजे वर्गणी कशासाठीं काढावी हें सांगायला कोणा पुढाऱ्याची गरज राहणार नाहीं. तसबीर झालेलें दाखविते. जें व्हायचें राहिलें तें हा रकाना दाखवील.

एका मित्रांनीं शंका काढली कीं, सर्वांचींच नांवें लिहिलीं तर कीर्तीला किंमत काय राहिली? शंका रास्त आहे. आम्ही वही आणि मंदिर एक करा असें म्हणत नाहीं. वही सर्वांची असावी, मंदिर निवडलेल्यांचें असावें. परंतु निवड व्हावी ती वहींतून, ग्रामसभेपुढें, नांवें मोठ्यानें वाचून. बंद दाराआड चार डोकीं जमून केलेली निवड नको. दर वर्षीं १५ जानेवारीला वही सर्वांसमोर वाचावी. कोणाचें नांव राहिलें असेल तर त्यानें किंवा त्याच्या शेजाऱ्यानें उठून सांगावें. सांगणारी बाई असो, मांगवाड्यांतला म्हातारा असो, मास्तरानें लेखणी उचललीच पाहिजे.

दुसरी शंका पैशाची. वर्गणी किती जमेल हें आम्हांस ठाऊक नाहीं. पण जमेल त्यांतलीं निम्मीं रुपये तालमीच्या मॅटला द्यावीं असें आमचें मत आहे. खाशाबांना मॅट प्रथम भेटली ती लंडनमध्यें. आजहि आपलीं पोरें मातींत तयार होतात आणि तालुक्याच्या पुढें गेलीं कीं मॅटवर घसरतात. लाल मातीचा अभिमान आम्हांसहि आहे. तो ठेवूनच मॅट अंथरावी. आणि मुलींसाठीं सरावाची निराळी वेळ नव्हे, हक्काची वेळ असावी. खाशाबांच्या तसबिरीखालीं नवी पोरें पुन्हा त्याच अडचणींत पडलीं, तर ती तसबीर भिंतीवर असून काय उपयोग?

आतां आम्ही सूचनेला दुरुस्ती मांडतों. कलम पहिलें: कीर्तिमंदिराची पायाभरणी होण्यापूर्वीं वर सांगितल्याप्रमाणें वही सुरू करावी, आणि साठीच्या वरच्या सर्व जुन्या खेळाडूंच्या घरीं येत्या तीन महिन्यांत जाऊन त्यांची माहिती उतरवून घ्यावी. कलम दुसरें: सन्मान करावयाचा तो शक्यतों हयात माणसाचा, आणि पुरुष, बायका, अपंग, या वाड्यांतला कीं त्या वाड्यांतला, असा भेद न ठेवतां एकाच रांगेंत. कलम तिसरें: वर्गणीचे निम्मे पैसे आज खेळणाऱ्यांवर खर्च करावे.

वही लिहिण्याचें काम आम्ही स्वतः पत्करतों. त्याचा मेहनताना नको. शाळा सुटल्यावर संध्याकाळीं तासभर वेळ असतो. फक्त प्रत्येक आळींतून एक जाणता माणूस आणि एक जाणती बाई आमच्याबरोबर फिरायला द्यावी. पहिली नोंद कोणाची करावयाची हेंहि आम्हीं ठरविलें आहे. जिच्या पेटींतले कागद वाळवीनें खाल्ले त्या आमच्या विद्यार्थिनीच्या संघांतल्या चार मुली याच पंचक्रोशींत दिल्या आहेत. त्यांच्या साक्षी उद्यां घ्यावयाच्या आहेत.

दुरुस्ती मतास टाकावी अशी अध्यक्षमहाराजांस विनंति करून आम्ही खालीं बसतों.